डोमेन रिन्यू केलं, पैसे कटले, तरी साईट बंदच? नुसतं ४८ तास थांबू नका, क्रमाने हे तपासा

डोमेनची मुदत संपली, उशिरा लक्षात आलं, धावपळ करून पैसे भरले, पेमेंट सक्सेसफुलचा मेसेजही आला, आणि साईट उघडून बघितली तर अजून तेच, एकतर साईट सापडत नाही म्हणून एरर नाहीतर भलत्याच जाहिरातींचं पान. सपोर्टला विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, २४ ते ४८ तास थांबा, प्रोपॅगेशन चालू आहे, म्हणजे बदललेली माहिती इंटरनेटभर पसरतेय. कधीकधी हे उत्तर बरोबर असतं. पण बऱ्याचदा गडबड दुसरीकडेच असते आणि ती तासाभरात शोधता येते. नेमसर्व्हर (तुमची साईट कुठे आहे ते सांगणारे सर्व्हर) चुकीचे लागलेले असतील किंवा होस्टिंगचेच (साईट ठेवायच्या जागेचे) पैसे भरायचे राहिले असतील तर ४८ तास काय, महिनाभर थांबलात तरी साईट येणार नाही. म्हणून आधी तपासा आणि मग ठरवा थांबायचं की दुरुस्त करायचं.

साईट उघडते म्हणजे मागे काय काय होतं ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. डॉट कॉम किंवा डॉट इनच्या मुख्य रजिस्ट्रीत, म्हणजे त्या सगळ्या नावांच्या यादीत, तुमचं नाव चालू असावं लागतं, तिथे तुमच्या नेमसर्व्हरचा पत्ता असतो, त्या नेमसर्व्हरवर तुमच्या साईटचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, लिहिलेला असतो (अशा नोंदींना रेकॉर्ड म्हणतात, आणि नावावरून पत्ता शोधायच्या या यंत्रणेला डीएनएस), त्या आयपीवर सर्व्हर चालू असतो, सर्व्हरवर कनेक्शन सुरक्षित करणारं एसएसएल सर्टिफिकेट असतं आणि शेवटी तुमचा ब्राउझर. रिन्यूअल झालं तरी यातली फक्त पहिली पायरी होते. बाकीच्या आपोआप जागेवर येतीलच असं नाही, आणि नेमकं हेच आपल्याला कोणी सांगत नाही.

स्क्रीनवर काय येतंय ते आधी नीट वाचा

मोबाईलचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटावर इनकॉग्निटो टॅबमध्ये साईट उघडा आणि जे दिसेल त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे सपोर्टशी बोलताना लागतो. मग मेसेज वाचा, कारण त्यावरूनच अर्धं काम होतं.

क्रोममध्ये "डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन" असं आलं तर नावच सापडत नाहीये, म्हणजे डोमेन अजून होल्डवर (रोखून ठेवलेलं) आहे, नेमसर्व्हर लागलेले नाहीत किंवा रेकॉर्ड उडालेत. रजिस्ट्रारचं (ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं तिचं) पान येत असेल, "हे डोमेन एक्स्पायर झालंय" किंवा नुसत्या जाहिराती, तर नेमसर्व्हर अजून पार्किंगचेच (रजिस्ट्रारच्या तात्पुरत्या पानाचे) आहेत किंवा जुनी माहिती कुठेतरी कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात) अडकलीये. "अकाउंट सस्पेंडेड" आलं तर डोमेनला हातच लावू नका, ते होस्टिंगचं प्रकरण आहे. "युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" आलं तर बहुतेक सर्टिफिकेटचा घोळ. क्लाउडफ्लेअरचं (बरेच जण साईटच्या पुढे लावतात ती डीएनएस आणि ट्रॅफिक सांभाळणारी सेवा) ५२१ किंवा ५२२ नंबरचं एरर पान आलं तर उलट चांगली बातमी, डोमेन क्लाउडफ्लेअरपर्यंत व्यवस्थित पोचतंय, पुढचा तुमचा सर्व्हर उत्तर देत नाहीये. वर्डप्रेसचं डेटाबेस कनेक्शनचं एरर असेल तरी तेच, डोमेन ठीक आहे, होस्टिंगवाल्याकडे जा.

डोमेन खरोखर रिन्यू झालंय का

हा प्रश्न खुळचट वाटेल पण सगळ्यात जास्त घोळ इथेच असतो. बँकेतून पैसे गेले म्हणजे रिन्यूअल झालं असं नाही. रजिस्ट्रारच्या अकाउंटमध्ये जाऊन ऑर्डर "कम्प्लीटेड" आहे की "पेंडिंग" ते बघा, आणि इनव्हॉइस उघडून नेमकं कशाचं बिल आहे ते वाचा. घाईत लोक डोमेनऐवजी त्यासोबतचा ईमेल प्लॅन किंवा प्रायव्हसीचं ॲडऑन रिन्यू करतात, किंवा डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही घेतलेली असतात त्यातलं भलतंच रिन्यू होतं.

मग रजिस्ट्रारवर विसंबून न राहता बाहेरून बघा. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग असेल तर आयकॅनच्या (जगभरच्या डोमेनचे नियम ठरवणारी संस्था) लुकअप पानावर आणि डॉट इन असेल तर निक्सीच्या (डॉट इन सांभाळणारी संस्था) रजिस्ट्रीच्या साईटवर डोमेन टाकून सर्च करा. (पूर्वी हे सगळं हूइज नावाच्या जुन्या लुकअप पद्धतीवर चालायचं, जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी आरडॅप ही नवीन पद्धत अधिकृत झाली, पण तुम्हाला दिसणारी माहिती साधारण तीच.)

इथे एक मोठा सापळा आहे, नीट वाचा. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्री स्वतःहून तारीख एक वर्ष पुढे ढकलते, तुम्ही पैसे भरलेले असोत नसोत. रजिस्ट्रारने नंतर ते डोमेन सोडून दिलं तर ते वर्ष मागे घेतलं जातं. त्यामुळे लुकअपमध्ये पुढच्या वर्षीची तारीख बघून लोक म्हणतात, हे बघा रिन्यू झालंय, आणि तिकडे रजिस्ट्रारच्या लेखी ते अजून एक्स्पायर्डच असतं. म्हणून नुसती तारीख बघू नका, रजिस्ट्रारकडची एक्स्पायरी तारीख वेगळी दिली असेल तर ती बघा आणि स्टेटसच्या ओळी वाचा. आणखी एक, नवीन मुदत जुन्या एक्स्पायरीच्या तारखेपासून मोजतात, पैसे भरलेल्या दिवसापासून नाही, त्यामुळे थोडे दिवस कमी मिळाले असं वाटलं तर ते चुकीचं नाही.

आता स्टेटस. "ओके" किंवा "क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड" असेल तर निर्धास्त राहा, यातलं दुसरं हे फक्त ट्रान्सफरचं कुलूप आहे, त्याने साईट बंद पडत नाही. "ऑटो रिन्यू पिरियड" दिसलं तर तो वर सांगितलेला काळ आहे, एकट्या याने साईट बंद होत नाही.

"क्लायंट होल्ड" म्हणजे रजिस्ट्रारने नाव डीएनएसमधून काढून ठेवलंय. पैसे भरल्यावर हे निघायला पाहिजे, साधारणपणे लवकर निघतं. काही तास झाले आणि अजून आहे तर थांबू नका, सपोर्टला तिकीट (लेखी तक्रार) टाका, कारण ते फक्त रजिस्ट्रारच काढू शकतो. "सर्व्हर होल्ड" असेल तर ते रजिस्ट्रीने लावलेलं असतं आणि त्याला रिन्यूअलपेक्षा वेगळं कारण असू शकतं, कागदपत्रं, तक्रार, कायदेशीर भानगड. तेव्हा रजिस्ट्रारला थेट विचारा की रजिस्ट्रीने कारण काय दिलंय.

"रिडेम्प्शन पिरियड" दिसलं तर गंभीर आहे. डॉट कॉमसारख्या डोमेनमध्ये एक्स्पायरीनंतर जास्तीत जास्त ४५ दिवस नेहमीच्या रिन्यूअलची सवलत असते, किती दिवस द्यायचे ते रजिस्ट्रार ठरवतो. ती संपून डोमेन डिलीट झालं की ३० दिवस रिडेम्प्शन. यात साधं रिन्यूअल चालत नाही, रिस्टोअर करून घ्यावं लागतं आणि त्याची फी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असते. तुम्ही फक्त रिन्यूअलचे पैसे भरले असतील तर ते वॉलेटमध्ये पडून राहिले असण्याची दाट शक्यता आहे. रिस्टोअरची मागणी गेली की स्टेटस "पेंडिंग रिस्टोअर" होतं. तिथे मात्र थांबणं बरोबर आहे. "पेंडिंग डिलीट" आलं की ५ दिवसांत नाव सुटून जातं, त्या ५ दिवसांत कोणीच काही करू शकत नाही, सुटल्यावर परत रजिस्टर करायचा प्रयत्न एवढंच हातात असतं.

ऑटो रिन्यू चालू होतं तरी असं कसं झालं, हा प्रश्न आपल्याकडे फार जण विचारतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून परस्पर होणारे आवर्ती पेमेंट ई-मॅंडेटशिवाय (आधी नोंदवलेल्या परवानगीशिवाय) होत नाहीत, मॅंडेटमध्ये सुद्धा साधारण १५,००० रुपयांच्या वर गेलं की ओटीपी लागतो. परदेशी रजिस्ट्रारकडे जुनं कार्ड सेव्ह असेल तर तिकडून पैसे कापायचा प्रयत्न होतो, इकडे बँक नाही म्हणते, आणि डोमेन गुपचूप एक्स्पायर होतं. त्यामुळे कार्ड सेव्ह आहे म्हणजे झालं असं समजू नका.

ईमेल व्हेरिफिकेशन राहिलंय का

हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. रजिस्ट्रारने एक्स्पायरीच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी आठवण पाठवायची असते, एक्स्पायर झाल्यावर ५ दिवसांच्या आत अजून एक, हा आयकॅनचा नियम आहे. या मेल तुमच्या जुन्या बंद पडलेल्या पत्त्यावर गेल्या आणि बाउन्स झाल्या तर संपर्काची माहिती चुकीची आहे असं धरून रजिस्ट्रारला परत व्हेरिफाय करावं लागतं. किंवा रिन्यू करताना तुम्ही शहाणपणाने नाव, ईमेल बदललं, तरी व्हेरिफिकेशनची मेल येते. १५ दिवसांत लिंकवर क्लिक केलं नाही तर डोमेन परत बंद पडू शकतं, सगळे पैसे भरलेले असताना. साईट आली आणि दोन आठवड्यांनी परत गेली तर पहिला संशय हाच घ्या.

म्हणून इनबॉक्स, स्पॅम, प्रमोशन्स सगळीकडे रजिस्ट्रारच्या नावाने शोधा. सापडलं नाही तर अकाउंटमध्ये "रिसेंड व्हेरिफिकेशन" असतं ते दाबा. डॉट इन घेतलं असेल आणि केवायसीची मेल आली असेल तर तीही पुरी करा. फक्त एक काळजी घ्या, एक्स्पायर झालेल्या डोमेनवर फसवणुकीच्या मेलही धो धो येतात, त्यामुळे मेलमधल्या लिंकवर पैसे भरू नका, स्वतः रजिस्ट्रारची साईट उघडून लॉगिन करा.

आणि समजा रजिस्ट्रारच्या अकाउंटला ईमेल दिलाय तोच बंद पडलेल्या डोमेनवरचा? मग ओटीपी येणार तरी कुठे, डोमेन बंद म्हणजे मेलही बंद. अशा वेळी इनव्हॉइस, पॅन किंवा जीएसटीचा कागद, पेमेंटचा पुरावा घेऊन सपोर्टकडून अकाउंट रिकव्हरी करावी लागते, वेळ लागतो, म्हणून हे दिसलं की त्याच क्षणी सुरुवात करा.

नेमसर्व्हर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

डोमेन एक्स्पायर झालं की बरेच रजिस्ट्रार तुमचे नेमसर्व्हर काढून स्वतःचे पार्किंगचे लावतात, त्यामुळेच ते जाहिरातींचं पान दिसतं. रिन्यू केल्यावर जुने नेमसर्व्हर परत लागायला पाहिजेत. बहुतेक वेळा लागतात. पण नाही लागले तर साईट कधीच येत नाही आणि सपोर्टवाला ४८ तास ४८ तास करत राहतो.

तपासायचं असं. आधी आयकॅनच्या त्याच लुकअपमध्ये खाली नेमसर्व्हरच्या ओळी असतात, त्या लिहून घ्या. रजिस्ट्रीत आत्ता काय लागलंय ते तेच. मग तुमचे खरे नेमसर्व्हर कुठले ते शोधा, होस्टिंग घेतलं तेव्हाच्या वेलकम मेलमध्ये असतात, सीपॅनल (होस्टिंग सांभाळायचं पॅनल) किंवा होस्टिंगच्या डॅशबोर्डवर असतात, क्लाउडफ्लेअर वापरत असाल तर तिथल्या ओव्हरव्ह्यू पानावर दोन नावं दिलेली असतात. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवा. पार्किंग किंवा एक्स्पायर्ड असा शब्द नेमसर्व्हरच्या नावात दिसला तर उत्तर मिळालंच.

जुळत नसेल तर रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये डोमेन उघडा, नेमसर्व्हर, कस्टम, आणि खरे टाकून सेव्ह करा. कधीकधी पॅनलमध्ये बरोबर दिसतात पण रजिस्ट्रीत जुनेच असतात, तेव्हा पॅनलमध्ये एकदा दुसरे काहीतरी टाकून सेव्ह करून परत खरे टाकून सेव्ह करा, बहुतेक वेळा त्याने ढकलले जातात. तरी नाही झालं तर तिकीट.

क्लाउडफ्लेअरवाल्यांनी एक जास्तीचं बघा. बरेच दिवस नेमसर्व्हर पार्किंगला होते तर क्लाउडफ्लेअरला वाटतं डोमेन दुसरीकडे गेलं, ते "मूव्ह्ड" दाखवतं आणि काही दिवसांनी अकाउंटमधून काढूनही टाकतं. परत जोडायला गेलात तर नेमसर्व्हरची वेगळीच जोडी मिळू शकते. जुनी जोडी रजिस्ट्रारकडे टाकून बसलात तर साईट येणार नाही, म्हणून आत्ता डॅशबोर्डवर जी दिसते तीच टाका.

नेमसर्व्हर बरोबर आहेत पण रेकॉर्ड?

रेकॉर्ड होस्टिंगवाल्याकडे किंवा क्लाउडफ्लेअरमध्ये असतील तर सहसा शाबूत राहतात. पण रजिस्ट्रारचेच नेमसर्व्हर वापरत असाल तर एक्स्पायरीच्या काळात तिथली झोन (सगळ्या रेकॉर्डची यादी) पुसली गेलेली असू शकते, किंवा ए रेकॉर्ड (साईटचा आयपी सांगणारा) पार्किंगच्या आयपीवर वळवलेला असतो आणि तो तसाच राहतो.

कमांड वगैरे येत नसतील तरी चालतं, गुगल ॲडमिन टूलबॉक्समध्ये डिग म्हणून एक टूल आहे, त्यात डोमेन टाका आणि ए दाबा, आयपी येईल. तो आयपी होस्टिंगच्या पॅनलमधल्या सर्व्हर आयपीशी जुळला पाहिजे (क्लाउडफ्लेअरचा केशरी ढग चालू असेल तर आयपी क्लाउडफ्लेअरचा दिसतो, ते बरोबर आहे). मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून परत बघा, कारण एक चालतंय आणि दुसरं नाही असं फार होतं, मालक एक पत्ता टाकून म्हणतो चालू झाली आणि गिऱ्हाईक दुसरा टाकून म्हणतो बंदच आहे. एमएक्स आणि टीएक्सटी पण बघून घ्या, ते मेलसाठी लागतात, त्यावर पुढे बोलू.

रेकॉर्ड गेले असतील आणि काय होते ते कोणालाच आठवत नसेल तर होस्टिंगच्या सीपॅनलमधलं झोन एडिटर उघडा, तिथे अनेकदा सगळी झोन जशीच्या तशी असते, ती बघून भरता येते. मेल गुगल वर्कस्पेस किंवा झोहोवर असेल तर त्यांच्या ॲडमिन पॅनलमध्ये एमएक्स आणि मेल खरंच तुमचीच आहे हे पटवणारे एसपीएफ, डीकिम सगळं परत मिळतं.

डीएनएसएसईसी: काहींची साईट उघडते, काहींची नाही

अशी विचित्र अवस्था असेल, जिओवर उघडत नाही पण ऑफिसच्या ब्रॉडबँडवर उघडते, आणि टूलमध्ये "सर्व्हफेल" असा शब्द येत असेल, तर डीएनएसएसईसी बघा, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवर खरेपणाची सही लावायची सोय. रजिस्ट्रीत जुनी डीएस नोंद (त्या सहीची खूण) राहिली आणि नेमसर्व्हर किंवा झोन नवीन झाली, तर जुनी सही नव्या झोनशी जुळत नाही, मग जे डीएनएस सह्या तपासतात, उदाहरणार्थ गुगलचं ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१, ते उत्तर द्यायला नकार देतात. जे तपासत नाहीत त्यांच्यावर साईट उघडते.

डीएनएसविझ या साईटवर डोमेन टाकलं की लाल खुणा दिसतात. उपाय म्हणजे रजिस्ट्रारच्या पॅनलमधून जुनी डीएस नोंद काढायची, सगळं स्थिर झालं की मग डीएनएसएसईसी परत चालू करायचं. तुम्ही हे कधी चालूच केलं नसेल तर हा भाग सोडून द्या.

आता थांबायचं कधी आणि किती

रजिस्ट्रीत स्टेटस स्वच्छ, नेमसर्व्हर बरोबर, रेकॉर्ड बरोबर, आणि तरी काही ठिकाणी जुनं पान दिसतंय, फक्त तेव्हाच "थांबा" हे उत्तर खरं आहे.

४८ तास हा आकडा कुठून आला तेही सांगतो. डॉट कॉमच्या रजिस्ट्रीत नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल (ती माहिती किती वेळ साठवायची ती मुदत) १,७२,८०० सेकंद असतो, म्हणजे बरोब्बर ४८ तास. कुठल्याही इंटरनेट कंपनीच्या डीएनएसने पार्किंगचे नेमसर्व्हर लक्षात ठेवले असतील तर ते जास्तीत जास्त एवढा वेळ ठेवू शकतात, प्रत्यक्षात बरेच आधी सोडतात. दुसरं कारण जुनं आहे, २००४ पर्यंत डॉट कॉमची मुख्य यादी दिवसातून साधारण दोनदाच अपडेट व्हायची, आता काही मिनिटांत होते. १९९९ च्या ख्रिसमसला मायक्रोसॉफ्टचं पासपोर्ट डॉट कॉम हे डोमेन रिन्यू करायचं राहून गेलं आणि हॉटमेलचं लॉगिन बंद पडलं, तेव्हा मायकल चेनी नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डाने ३५ डॉलर भरले आणि सेवा दुसऱ्या दिवशी सुरळीत झाली. एवढ्या मोठ्या कंपनीचंही पैसे भरल्या भरल्या चालू झालं नव्हतं. आज मात्र सगळं बरोबर असेल तर बहुतेक लोकांना काही तासांत साईट दिसायला लागते, पूर्ण दोन दिवस लागणं हे टोक आहे.

वेळ कमी करायचा असेल तर गुगलच्या पब्लिक डीएनएसचं कॅशे फ्लश करायचं पान आहे आणि क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ चं पर्ज कॅशेचं, दोन्हीवर डोमेन टाकून ए आणि एनएस (नेमसर्व्हरची नोंद) दोन्ही प्रकार फ्लश करा, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. या दोन डीएनएसवर असलेल्या सगळ्यांना लगेच फरक पडतो. तुमच्या विंडोज कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश, फ्लशडीएनएस ही कमांड द्या. मोबाईल एरोप्लेन मोडवर टाकून काढा. घरचं राउटर एकदा बंद करून चालू करा. जगभर कुठे काय दिसतंय ते बघायला व्हॉट्समायडीएनएस आहे, त्यात सगळीकडे नवीन आयपी आणि एखाददुसरीकडे जुना असेल तर निवांत थांबा, पण सगळीकडे जुनाच असेल तर ते प्रोपॅगेशन नाही, चूक आहे, मागे जाऊन नेमसर्व्हर परत बघा.

आणि या काळात घाबरून सारखे नेमसर्व्हर बदलत बसू नका. प्रत्येक बदलाने कुठेतरी पुन्हा शिळी माहिती साठते आणि घोळ वाढतो.

सर्व्हर जिवंत आहे का

डोमेन आणि होस्टिंग ही दोन वेगळी बिलं आहेत. पहिल्या वर्षी दोन्ही एकत्र घेतली असली तर दोन्ही एकाच दिवशी संपतात, लोक डोमेनचं भरतात आणि होस्टिंगचं राहतं. होस्टिंगच्या अकाउंटमध्ये ड्यू इनव्हॉइस आहे का ते बघा, आणि असेल तर लगेच भरा, कारण सस्पेंड झालेलं अकाउंट काही काळाने डेटासकट उडवलं जातं आणि तुमच्याकडे बॅकअप नसेल तर ती साईट कायमची गेली. मला विचाराल तर डोमेनपेक्षा ही जास्त काळजीची गोष्ट आहे.

डीएनएस फिरून यायची वाट न बघता सर्व्हर तपासता येतो. विंडोजमध्ये नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स, त्यातल्या ईटीसी फोल्डरमधली होस्ट्स नावाची फाईल उघडा, शेवटी एक ओळ टाका, आधी होस्टिंगचा आयपी, स्पेस, मग डोमेन. सेव्ह करून ब्राउझर बंद करून परत उघडा. आता तुमचा कॉम्प्युटर डीएनएसला न विचारता सरळ त्या सर्व्हरवर जाईल. साईट दिसली तर सर्व्हर ठणठणीत, प्रश्न फक्त डीएनएसचा. नाही दिसली तर डीएनएस कितीही सुधारलं तरी साईट येणार नाही, होस्टिंगवाल्याला फोन लावा. काम झालं की ती ओळ आठवणीने काढा, नाहीतर पुढे होस्टिंग बदललं की तुम्हाला एकट्यालाच जुना सर्व्हर दिसत राहील.

सर्टिफिकेट

लेट्स एनक्रिप्टची फुकट सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात आणि सर्व्हर ती आपोआप बदलत असतो, पण बदलताना डोमेन त्याच सर्व्हरवर येतंय का हे तपासलं जातं. डोमेन बंद असताना ती वेळ आली असेल तर रिन्यूअल फसतं आणि सर्टिफिकेट संपतं. लेट्स एनक्रिप्टने जून २०२५ पासून मुदत संपत आल्याच्या मेलही बंद केल्या, त्यामुळे आधी कळत नाही.

डीएनएस बरोबर झाल्यावरच सीपॅनलमध्ये ऑटोएसएसएल चालवा किंवा होस्टिंगच्या पॅनलमधून सर्टिफिकेट परत काढा. आधी चालवून उपयोग नाही, उलट सारखं सारखं फसलं तर तासाभरासाठी अडवतात. आणि ब्राउझरच्या त्या सूचनेवर "तरीही पुढे जा" दाबून गिऱ्हाइकांना साईट वापरायला सांगू नका, विशेषतः पेमेंट घेत असाल तर.

मेल

साईट आली की सगळे खूश होतात आणि मेल विसरतात. डोमेन डीएनएसमधूनच गायब असेल तर पाठवणाऱ्याला मेल लगेच बाउन्स होते, ती नंतर आपोआप येत नाही. डोमेन सापडतंय पण मेल सर्व्हर उत्तर देत नाही असं असेल तर पाठवणारा सर्व्हर साधारण ४-५ दिवस परत परत प्रयत्न करतो, त्या मेल येऊ शकतात. म्हणून साईट किती दिवस बंद होती ते बघून ज्यांच्याशी महत्त्वाचा व्यवहार चालू आहे, सीए, बँक, पुरवठादार, मोठी गिऱ्हाइकं, त्यांना स्वतः कळवा की त्या दिवसांतल्या मेल परत पाठवा.

जीमेलवरून तुमच्या डोमेनवर एक मेल पाठवा आणि उलटही पाठवून बघा. जाणारी मेल स्पॅममध्ये पडत असेल तर एसपीएफ, डीकिम, डीमार्कचे टीएक्सटी रेकॉर्ड परत आलेत का ते तपासा. गुगल सर्च कन्सोलवर साईट तुमची आहे ही ओळख टीएक्सटी रेकॉर्डने केली असेल तर तीही जाते, ती परत टाका.

तिकीट असं लिहा की टाळता येणार नाही

"माझी साईट चालत नाही" असं लिहिलं की तेच ठराविक उत्तर येतं. त्याऐवजी डोमेनचं नाव, इनव्हॉइस नंबर, पैसे भरल्याची तारीख आणि वेळ, रजिस्ट्रीत आत्ता दिसणारं स्टेटस, रजिस्ट्रीत दिसणारे नेमसर्व्हर आणि त्याजागी कुठले पाहिजेत, हे सगळं एका मेलमध्ये स्क्रीनशॉटसकट लिहा आणि शेवटी एकच मागणी करा, "क्लायंट होल्ड काढा" किंवा "रजिस्ट्रीत हे नेमसर्व्हर लावा". रजिस्ट्रारचा प्रश्न होस्टिंगवाल्याकडे आणि होस्टिंगचा रजिस्ट्रारकडे नेला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तुमचे दिवस जातात, म्हणून वरची तपासणी आधी.

डोमेन दुसऱ्याच कोणाच्या अकाउंटमध्ये असेल, आपल्याकडे दुकानं, संस्था, मंडळं, शाळा यांचं डोमेन बऱ्याचदा साईट बनवणाऱ्या पोराच्या नावावर असतं, तर तिकीटही त्यालाच टाकावं लागेल, तुमचं रजिस्ट्रार ऐकणार नाही. त्याच्याशी गोडीने बोलून, आत्ता साईट चालू करून घ्या आणि नंतर डोमेन स्वतःच्या अकाउंटला घ्या. त्याच रजिस्ट्रारकडे अकाउंट काढून आतल्या आत हलवणं सगळ्यात सोपं, साईट त्यात बंद पडत नाही.

साईट चालू झाली की त्याच दिवशी रजिस्ट्रारच्या अकाउंटचा ईमेल बदलून जीमेलसारख्या वेगळ्या पत्त्यावर ठेवा, मोबाईल नंबर चालू असलेला टाका, दुसऱ्या एका विश्वासू माणसाला लॉगिन माहीत असू द्या, आणि सगळ्या डीएनएस रेकॉर्डचा एक स्क्रीनशॉट काढून मेल करून ठेवा. खात्यावर पैसे असतील तर ३ किंवा ५ वर्षांचं एकदम भरा, डॉट कॉम जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत पुढचं घेता येतं, आणि होस्टिंगची तारीख कॅलेंडरमध्ये वेगळी टाका.